उणे दीडशेचा डबा

बत्तीस वर्षं मी शीतगृहात माल उतरवून घेतला. तापमानाची नोंद बघितल्याशिवाय एक खोकं आत घेतलं नाही. ड्रायव्हर मला माघारी 'थर्मामीटर' म्हणायचे. म्हणोत बापडे! आता पोरीच्या हृदयात कुणा मेलेल्या माणसाची झडप बसवायची, आणि मी डोळे मिटून सही करू? छे!

"कागद दाखवा," मी म्हणालो.

समोर टिश्यू बँकेची बाई बसली होती. दान मिळालेल्या झडपा आणि रक्तवाहिन्या गोठवून ठेवायचं हिचं काम. चेहरा कुठंतरी पाहिलेला होता, पण कुठं ते आठवेना. एजंट तर नसेल?

"अण्णा, उगाच कीस पाडू नका," लेक म्हणाली आणि दम लागून थांबली. सोळा वर्षांची पोर, पण जिना चढताना तीनदा टेकायची. महिन्याभरात ऑपरेशन झालं नाही तर पुढं करताच येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिला तपासणीला आत नेलं आणि मी बाईकडे वळलो.

तिनं फाईल पुढं सरकवली. देणारी स्त्री, वय सत्तेचाळीस. सात आठवड्यांपूर्वी दान. तापमान उणे दीडशे अंशांच्या खाली. मी एकेक नोंद बोटानं वाचली. एका तासाचीही फट नव्हती, आणि इतकं चोख काम बघून तर मला जास्तच शंका आली. कुठंतरी पाणी मुरतंय.

"आठ महिने आम्ही हेलपाटे मारले तेव्हा तुमच्याकडं झडप नव्हती. आता बरी उगवली? कुणाच्या वशिल्यासाठी दाबून ठेवली होती?"

"मापाची मिळत नव्हती, काका. आठ महिन्यांत साठ घरांत विचारलं. नऊ जण हो म्हणाले."

"बाकीचे काय म्हणतात?"

"कुणी रडतं. कुणी दार लावतं. मागं एकांनी विचारलं होतं, माझ्या बायकोचे तुकडे कितीला विकणार?"

माझं बोट कागदावर तसंच राहिलं. तीन वर्षांपूर्वी बायको मेंदूतल्या रक्तस्रावानं गेली, तेव्हा अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर एक बाई माझ्याशेजारी येऊन बसली होती. हळू आवाजात काही विचारत होती. मी तिला अख्ख्या मजल्यादेखत हाकलून दिलं होतं. ते शब्द माझेच होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ओळखलंत मला?"

"तुम्ही आत आलात तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर लाजेनं सही केली असती तुम्ही. मला हवं होतं, तुमची स्वतःची खात्री पटावी. तपासा अजून, घाई नाही."

तपासायला आता काही उरलं नव्हतं. तरी जीभ राहिली नाही. "तेव्हा पोरीच्या आईची झडप... कुणाच्या कामी आली असती?"

"एक मुलगी होती यादीत. तुमच्या लेकीएवढीच."

"मग तिला दुसरी मिळाली ना?"

बाईनं पेनाचं टोपण काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

"सही इथं करा, काका," ती म्हणाली.