भरलेली बाटली

"आज बी भरलीच आणली की," सरूबाई बाटली उजेडात धरून म्हणाली. आवाजात कौतुक होतं.

सून निशिगंधा दारातच भिंतीला टेकली. दिवस मावळला तरी मे महिन्याच्या भिंती भाजत होत्या. "नक्को वाटलं, आत्याबाई. गिऱ्हाइकाचीच लाइन व्हती."

सरूबाईने ती बाटली गॅलरीतल्या कढीपत्त्याला ओतली. रंगाच्या जुन्या बादलीत लावलेलं झाड ते. निशिगंधा दिलसुखनगरच्या साड्यांच्या दुकानात लागली आणि झाड असं काही फोफावलं, की मजल्यावरच्या बायका फोडणी अर्धी टाकून दोन काड्या मागायला येऊ लागल्या. सरूबाई द्यायची, पण आधी दोन शब्द सुनावून.

पाणी न पिण्याची विद्या सुनेला तिनेच दिली होती. जामबागेतल्या एका शाळेत ती आया होती. बालवाडीच्या पोरांना शूला नेऊन आणणं हीच नोकरी, आणि आयांना स्वतःला जायला मात्र जागा नाही. जायचं तर हेडबाईंकडून त्यांच्या संडासाची चावी मागायची. सरूबाईने ती कधीच मागितली नाही. गावाकडे तिची आई लोकांच्या दारात ओंजळ धरून, वरून ओतलेलं पाणी प्यायची. ते बघून मोठी झालेल्या पोरीला मागणं म्हटलं की अंगावर काटा यायचा. पहाटे एक तांब्या प्यायचा, मग घरी येईपर्यंत घोट नाही. रिटायर झाली त्या दिवशी हारसुद्धा उतरवला नव्हता, तोवर सगळ्यांना ऐकवलं, "अख्खी नोकरी झाली, कुणाची चावी मागितली नाई!"

निशिगंधाच्या दुकानातली चावी मॅनेजरच्या कमरेला असायची. मागितली की तो आधी घड्याळाकडे बघायचा, मग गिऱ्हाइकांदेखत हसायचा.

"प्यायचंच नाई, म्हंजी मागायचंच नाई," सरूबाईने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

त्या रात्री निशिगंधा जेवली नाही. "पाठीत लई दुखायलंय, आत्याबाई. थंडी वाजायली."

"या उन्हात थंडी? दिसभर उभी राहतीस, पाठ दुखंल नाई तर काय नाचंल?"

सकाळी निशिगंधा घाईघाईत आवरून बाहेर पडली आणि संडासात पाणी टाकायचं विसरली. मागून सरूबाई गेली आणि दाराशीच थांबली. कोऱ्या चहाचा रंग होता.

हा रंग तिला ठाऊक होता. तिच्या जोडीची आया अनुराधा आपल्या लघवीचा असाच रंग हसत-हसत सांगायची. मग अनुराधाचं तोंड सुजलं. मग ती दवाखान्यात रक्त धुवायच्या मशीनवर गेली. मग शाळेत दुसरी आया आली.

सरूबाई जिन्यात धावली. "निशे! परत फिर! दवाखान्यात चल!"

"लगीनसराई हाय, आत्याबाई. सुट्टी नाई भेटत. संध्याकाळी जाऊ," खालून आवाज आला, आणि मग चपलांचाही येईनासा झाला.

दुपारपर्यंत सरूबाईला घरात बसवलं नाही. भर उन्हात बस पकडून ती दिलसुखनगरला उतरली. दुकानात पांढऱ्या गाद्यांवर बायका दाटीने बसल्या होत्या. पलीकडे निशिगंधा हातात पदर उलगडून उभी होती. चेहरा त्या गाद्यांसारखा पांढरा.

"आओ अम्मा, शादी की साड्यां?" मॅनेजर पुढे आला.

"साड्यां नक्को. चाबी होना."

"कायकी चाबी?"

"पेशाबघर की. मेरे कू जाना है. मेरी बहू कू बी जाना है."

गाद्यांवरच्या माना वळल्या. निशिगंधाने मान खाली घातली.

"अम्मा, जरा आहिस्ता..."

"आहिस्ता कायकू? तुम्हारे घर के औरतां नै जाते क्या?"

गादीवरची एक गिऱ्हाईक बाई फिस्सकन हसली, पाठोपाठ दुसरी. "दे दो ना भई," तिसरी म्हणाली. मॅनेजरने कमरेची चावी सोडून पुढे धरली. आज त्याला घड्याळ बघायचं सुचलं नाही.

"अब कमर कू नक्को. दिवार कू टांगो," सरूबाई म्हणाली. आवाज खणखणीत होता. जन्मात पहिल्यांदा तिने कुणाकडे काही मागितलं होतं.

मग भर दुकानात तिने सुनेच्या हातात तिचीच भरलेली बाटली दिली. "पी. माझ्यासमोर पी."

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला घेतलं. "पाणी किती पिता दिवसभरात?" त्यांनी विचारलं.

निशिगंधाने सासूकडे बघितलं. सरूबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

घरी आल्यावर पिशवीतून बाटली निघाली. पहिल्यांदाच रिकामी होती. गॅलरीत कढीपत्त्याची माती तडकली होती; सरूबाई तिकडे फिरकलीच नाही. तिने सुनेला खाटेवर बसवलं, तिचा पाय मांडीवर घेतला आणि घोट्याजवळ अंगठा दाबला.

अंगठा उचलला. खड्डा तसाच राहिला. अनुराधाच्या सुजलेल्या पायावरही असाच राहायचा.

"काय बघायल्या, आत्याबाई?"

"काई नाई. पाणी पी तू."

उद्या रिपोर्ट येणार होता. दिवा जवळ ओढून सरूबाई तो खड्डा भरायची वाट बघत बसली.