बिनअपघाताचा हजारावा दिवस

“हे बटण नवं कसं?”

आठबोट्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. सात नंबरच्या प्रेससमोर ते वाकून उभे होते. फोरमन छताकडे पाहत होता. जणू उत्तर तिथल्या पंख्याला टांगून ठेवलं होतं.

“जुनं अडकत होतं. बदललं.”

“डावं नाही बदललं?”

“डावं चांगलं होतं.”

“म्हणजे फक्त उजवंच अडकत होतं.”

“आता काका, यंत्र आहे. त्याला काय डावं-उजवं कळतं?”

शेडमध्ये पत्रा ठोकून आकार देणाऱ्या बारा प्रेस होत्या, प्रत्येकीला दोन अशी चोवीस बटणं. तेवीस तेलानं काळवंडलेली, आणि हे एक हिरवंगार, दुकानातून आत्ता आणलेल्या खेळण्यासारखं. आठबोट्यांनी डाव्या अंगठ्यानं बटणाभोवतीची लोखंडी कडी चाचपली. बटण बदलणाऱ्यानं कडी बदलली नव्हती. कडीच्या खालच्या अंगाला नखभर खोल खाच होती. लाकडी पाचर रोज ठोकली आणि रोज काढली की पडते तशी.

या प्रेसची मूळ योजना साधी आहे. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. हात बटणांवर, म्हणजे हात शाबूत. पण असं इमानदारीनं केलं तर तासाला चारशे नग पडतात आणि वरून मागणी असते सहाशेची. मग उजव्या बटणात पाचर ठोकायची, म्हणजे ते कायमचं दाबलेलं राहतं. डाव्या हातानं बटण, उजव्या हातानं पत्रा आत-बाहेर. असा हुकूम कुणी तोंडानं देत नाही. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी कोणीतरी यंत्रावर एक पाचर ठेवून जातं, एवढंच.

हे आठबोट्यांना पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात, अशाच प्रेसखाली, त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. आठवड्याभरात सगळे त्यांना आठबोटे म्हणू लागले. ते आडनावासारखं इतकं चपखल बसलं की मंडळाच्या एका छापील पत्रातही ‘श्री. आठबोटे’ असंच आलं होतं. बायको आठवडाभर ते पत्र शेजारणींना दाखवत हसत होती.

हे मंडळ म्हणजे कामाच्या जागी सुरक्षा आणि आरोग्य ‘स्वेच्छेनं’ सांभाळणाऱ्या कारखान्यांची संस्था. सरकारी नाही, नफ्याची नाही. कारखान्यानं आपणहून अर्ज करायचा. मग तीन जणांचं पथक तीन दिवस येतं. एक मोठ्या कंपनीतला सुरक्षा अधिकारी, एक डॉक्टर आणि एक हातानं काम केलेला माणूस. तिघांच्याही सह्या झाल्या तर फाटकावर तारा असलेला झेंडा लागतो. झेंडा लागला की सरकारी तपासनीस सहसा तिकडे फिरकत नाहीत, आणि कारखाने झेंड्यामागे धावतात ते त्यासाठीच. बाकी कामगारांवरचं प्रेम वगैरे भाषणात असतं. आठबोटे सतरा वर्षं या पथकात फुकट राबत होते. दर ठिकाणी आधी हात वर करून दाखवायचे आणि मग बोलायला लागायचे.

“सात नंबर कोण चालवतो?” त्यांनी विचारलं.

“तो ऑफिसात असतो आता,” फोरमन म्हणाला. “बढतीच म्हणा ना.”

कामगारांशी एकट्यानं बोलायचा हक्क पथकातल्या हातकामाच्या माणसाला असतो. त्या वेळी साहेबलोकांनी बाहेर थांबायचं. दोन दिवसांत आठबोटे कँटीनमध्ये एकतीस जणांशी बोलले होते. एकतीसही जण म्हणाले, “सुरक्षेची सुरुवात माझ्यापासून.” शेवटचा तर म्हणाला, “काका, लवकर विचारा. परवा पाठ केलंय, विसरायला होतंय.”

सात नंबरवाला मात्र त्यांना ऑफिसात सापडला नाही. सापडला फाटकालगतच्या खोलीत. केबिन कसली, झाडू ठेवायची जागा. पस्तिशीचा माणूस खुर्चीवर बसला होता, अंगात जाड जाकीट, उजवा हात खिशात. इतका उकाडा, आणि जाकीट. समोर टेबलावर शून्यापासून नवापर्यंतचे पत्र्याचे आकडे, प्रत्येकाचे तीन-तीन.

“तुझं काम काय?”

“पाटी बदलतो.”

फाटकाच्या आत ती मोठी पाटी होती, येताजाता कुणालाही दिसेल अशी. ‘अपघाताविना दिवस’, आणि खाली तीन हुक. आज त्यांवर नऊ, आठ, एक असे आकडे लटकत होते.

“दिवसभर?”

“सकाळी आठला बदलतो. मग बसतो.” तो ओशाळून हसला. “तसं आरामाचं आहे.”

आठबोटे समोरच्या उलट्या बादलीवर बसले. त्यांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला. माणसानं त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं.

“तुमचा कधी गेला, काका?”

“बावीस वर्षं झाली. तुला किती दिवस झाले?”

“त्रेचाळीस.” उत्तर ताबडतोब आलं, आणि आल्याबरोबर त्यानं ओठ घट्ट मिटले. मग हळू आवाजात म्हणाला, “लिहू नका हां काका. पाया पडतो.”

हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. चार बोटं. कारखान्याच्या ओळखीतला खासगी दवाखाना, मागच्या दारानं नेलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी सात वाजता दाराशी कंपनीची गाडी. गोळीच्या गुंगीतच त्याला आणलं, कार्ड पंच केलं आणि या खुर्चीवर बसवलं. तेव्हापासून रोज तसंच. माणूस कामावर हजर, म्हणजे दिवस बुडाला नाही. दिवस बुडाला नाही, म्हणजे अपघात झालाच नाही. म्हणून पाटी पुढं चालू. आणि ती पुढं चालू ठेवायचं काम त्यालाच दिलं होतं, कारण हलकं काम शोधलं तर हेच सापडलं.

“पाटी रोज तूच बदलतोस?” आठबोट्यांचा आवाज चढला.

“हळू बोला हो. एकोणीस दिवसांनी हजार होतात. त्या दिवशी झेंडा लागणार, सगळ्यांना भरपगारी सुट्टी मिळणार. तीनशे माणसं वाट बघतायत. माझ्यामुळं शून्य झालं तर मला इथं उभं कोण करील?”

“आणि कागदावर अपघातच नसेल तर उद्या नुकसानभरपाई कशाची मागशील? हात कुठं गेला म्हणून सांगशील, घरी विसरलो म्हणून?”

“साहेब म्हणालेत, तुझी खुर्ची कायम.”

“झेंडा लागेपर्यंत ना?”

आठबोटे उठले. दारातून मागं वळून म्हणाले, “माझ्या वेळी मीही ‘चूक माझी’ असं लिहून दिलं होतं. दवाखान्यात, फोरमननं सांगितलं तसं. आयुष्यातली पहिली डाव्या हातानं केलेली सही होती ती. अजून डोळ्यांसमोरून जात नाही.”

दुपारी शेवटची बैठक झाली. चहा, बिस्किटं, प्रत्येकासमोर नवी वही. पथकप्रमुख साहेबांनी अहवाल वाचला. त्यात ‘अनुकरणीय’ हा शब्द पाच वेळा आला. सह्यांचा कागद फिरत आठबोट्यांसमोर आला.

“मी करत नाही.”

त्यांनी सगळं सांगितलं, बटण, खाच, खुर्ची, जाकीट. मॅनेजर शांत होता. असे लोक नेहमीच शांत असतात.

“तो माणूस एक दिवसही गैरहजर नाही. हजेरी बघा. दिवस बुडाला नाही तर अपघात कसला? व्याख्या आमची नाही, तुमच्या मंडळाचीच आहे.”

हे खरं होतं. व्याख्या मंडळाचीच होती. सतरा वर्षं ती पुस्तिका आठबोट्यांनीच ठिकठिकाणी वाटली होती.

“त्याला बोलवा इथं. खिशातून हात काढू दे.”

“त्यानं तुम्हाला लिहून दिलंय?” पथकप्रमुखांनी विचारलं.

“नाही. घाबरलाय तो.”

“मग आपल्याकडे काय आहे? एक नवीन बटण.” साहेब समजुतीच्या सुरात बोलू लागले. “हे बघा, आपलं काम स्वेच्छेचं आहे. आपण पोलीस नाही. असं धरायला लागलो तर उद्या कोणता कारखाना आपणहून येईल? सकारात्मक राहिलं पाहिजे.”

“चार बोटं गेलीत साहेब त्याची. सकारात्मक काय राहू? सहा उरलीत म्हणू?”

डॉक्टरीणबाई इतका वेळ खाली बघत होत्या. आता म्हणाल्या, “प्रथमोपचाराचं रजिस्टर मलाही खटकलं होतं. तीनशे माणसं, आणि वर्षभरात एक खरचटलेलं कोपर. इतकं कोरं रजिस्टर मी पाहिलेलं नाही.”

आठबोट्यांनी आशेनं त्यांच्याकडे पाहिलं. पण बाईंची सही कागदावर आधीच झालेली होती. पेनाचं टोपणही त्यांनी लावून टाकलं होतं.

“मग बोला ना बाई!”

“मी नोंदवीन. पुढच्या वेळच्या सूचनांमध्ये,” बाई म्हणाल्या आणि घड्याळाकडे पाहिलं.

त्यानंतर घडलं ते इतकं सभ्यपणे घडलं की कुणावर ओरडायलाही जागा राहिली नाही. दोन दिवसांनी मंडळातून फोन आला. आठबोटेजी, तुम्ही खूप केलंत, आता थोडी विश्रांती घ्या. नियमात बसतं, पथकात बदली सदस्य घेता येतो. आठवड्याभरात आभाराचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की ते ‘स्वेच्छेनं’ निवृत्त होत आहेत.

बायकोनं पत्र वाचलं आणि चष्मा काढला.

“तुम्ही कधी म्हणालात, निवृत्त होतो म्हणून?”

“नाही.”

“मग हे कुणाच्या इच्छेनं? अहो, सतरा वर्षं रविवार म्हणू नका, सण म्हणू नका, हात दाखवत हिंडलात. पोरीच्या निकालाला नव्हतात. कुठं होतात? हेल्मेटवर भाषण देत होतात!”

“सरकारी तपासनिसालाही लिहिलंय मी.”

“मग?”

“‘सदर कारखाना स्वेच्छा योजनेत असल्यानं आपली तक्रार मंडळाकडे वर्ग केली आहे.’”

बायको हसली, पण हसू अर्ध्यावरच मोडलं. पुढं सरकून तिनं त्यांच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलं. बावीस वर्षं ते तीच लावत होती.

“त्या माणसाचं लग्न झालंय?” तिनं विचारलं.

“विचारलं नाही.”

“विचारायचं ना,” ती म्हणाली. “बटणं कोण लावतं ते तरी कळलं असतं.”

हजाराव्या दिवशी आठबोटे तिकडे गेले. आमंत्रण नव्हतंच. कारखान्यासमोर रस्त्यापलीकडे बसथांबा होता. तिथं ते पावणेआठ वाजता जाऊन उभे राहिले. फाटक सताड उघडं होतं. आत खुर्च्यांच्या रांगा, माइक, काठीला गुंडाळून बांधलेला झेंडा. लोक जमत होते. पहिल्या रांगेत पथकप्रमुख, शेजारी बदली सदस्य. त्याची दहाही बोटं मांडीवर नीट ठेवलेली दिसत होती.

एक बस थांबली. त्यातून जाकीटवाला उतरला.

“आज गाडी नाही आली?” आठबोट्यांनी विचारलं.

“काल सोडतानाच सांगितलं, उद्यापासून गाडी बंद.” तो रस्त्यापलीकडे पाहत होता. “सोमवारपासून सात नंबरवर उभं राहायचं. जमत नसेल तर स्वतःहून सोड म्हणाले.”

“जमणार कसं?”

“तेच म्हणालो. तर म्हणे, का? तुला काय झालंय?”

आठबोट्यांच्या तोंडात शिवी आली आणि तिथंच राहिली. शिवी कुणाला द्यायची, तेच कळेना. फोरमनला, साहेबाला, की ज्यांनी व्याख्येची पुस्तिका गावोगाव वाटली त्या स्वतःला?

“तुझं लग्न झालंय?” त्यांनी विचारलं.

“झालंय. का?”

“घरचीनं विचारलं होतं. बटणं कोण लावतं म्हणून.”

माणूस पहिल्यांदाच मोकळं हसला. “बायकोच. पण ती उलटीसुलटी लावते हो, घाईत.” आणि रस्ता ओलांडून तो आत गेला.

आठचा भोंगा झाला. खोलीतून तो शिडी घेऊन बाहेर आला, डाव्या खांद्यावर. पाटीला शिडी लावली. खुर्च्यांवरच्या लोकांनी माना वळवल्या, कुणीतरी मोबाइल वर धरला. पाटीला आज चौथा हुक ठोकला होता, डावीकडे, हजारासाठी. तो वर चढला. कालचे तिन्ही नऊ एकेक काढून त्यानं जाकिटात टाकले. मग एक शून्य अडकवलं, सर्वांत डावीकडच्या हुकाला. लोक टाळ्या वाजवायच्या तयारीत होते. शेजारी दुसरं शून्य अडकवलं. काही टाळ्या वाजल्या आणि अडखळल्या.

एका हातानं तिसरा आकडा हुकात जाईना. शिडी हलली. तेव्हा त्यानं उजवा हात खिशातून बाहेर काढला, अंगठा आणि पुढं गुलाबी, गुळगुळीत कडा, आणि त्या कडेनं पत्रा दाबून धरला. सहा. मग दोन.

माइकवरचा माणूस बोलायचा थांबला. फोरमन “ए, ए!” करत धावला आणि शिडीपाशी येऊन तसाच थबकला, कारण मागे तीनशे माणसं उभी होती आणि सगळी त्या हाताकडे पाहत होती.

बासष्ट. रस्त्यापलीकडे आठबोट्यांनी हिशेब केला. त्रेचाळीस आणि एकोणीस.

त्यांची बस आली, थांबली, गेली. ते चढले नाहीत.

जाकीटवाला खाली उतरला. कुणाकडेही न बघता चार पावलं मागं सरकला आणि मान कलती करून त्यानं पाटी पाहिली. दोनचा आकडा जरा तिरका लागला होता. तो पुन्हा शिडी चढला.