भिंत झाकण्याआधी

पुनर्वसन केंद्राची गाडी आमच्या भागात फक्त मंगळवारी यायची. ज्यांच्या घरची कागदपत्रं पूर्ण असत त्यांना ती घरी आणून सोडायची. बाकीचे पुढच्या मंगळवारची वाट बघत. यांना तिथे जाऊन अठरा आठवडे झाले होते. अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा आमचं बाथरूम वरच्या मजल्यावर होतं, आणि यांचा उजवा पाय आता जिना चढायला साथ देत नव्हता. खाली सोय करा, नगरपालिकेच्या तपासनिसांची सही आणा, लगेच सोडतो, असं केंद्राने सांगितलं.

हे स्वतः तीस वर्षं प्लंबर. धाकट्या भावाला यांनीच हाताशी धरून शिकवलेलं, त्यामुळे काम माझ्या दिरानेच करायचं हे न बोलता ठरलं. जिन्यामागची अडगळीची खोली त्याने रिकामी केली, सांडपाण्याचे पाइप जमिनीत टाकले. तपासनीस बाई आल्या, त्यांनी उतार मोजला, सही केली, आणि मगच त्यावर काँक्रीट पडलं. दुसरी तपासणी भिंतीतल्या पाइपांची. ती सोमवारी सकाळी ठरली होती. ती झाली की मंगळवारी हे घरी.

"वहिनी, एक लक्षात ठेवा," दीर म्हणाला, "बाईंनी बघेपर्यंत या भिंतीला कुणाचा हात लागू द्यायचा नाही. एकदा झाकलं की आत काय आहे ते मलाही दिसत नाही."

"शाळेत भौतिकशास्त्र शिकवते मी, भाऊजी. दाब म्हणजे काय ते कळतं मला."

"पुस्तकातला कळतो. पाइपातला दाब उलट उत्तर देतो."

रोज संध्याकाळी सहाला केंद्रातून व्हिडिओ कॉल यायचा. यांचे शब्द अजून आपापल्या जागी परतले नव्हते. चमच्याला हे पाना म्हणायचे आणि नर्सला टाकी. नर्स इतकी गुणी, की टाकी म्हटलं की ओ द्यायची. दहा मिनिटांत फोन पुढच्या पेशंटकडे जायचा. मग मी दोन माणसांचा स्वयंपाक करायला घ्यायची आणि तांदूळ मापल्यावर लक्षात यायचं. पलंगावर यांच्या बाजूला मी अठरा आठवड्यांत एकदाही सरकले नव्हते. झोपेतसुद्धा नाही, सकाळी ती चादर तशीच सपाट असायची.

गुरुवारी दीर भिंतीतले पाइप बसवत होता. प्लास्टिकच्या पाइपांची एक रीत असते. आधी सगळे तुकडे कोरडेच एकमेकांत बसवायचे, माप बघायचं, प्रत्येक जोडावर पेन्सिलीने खूण करायची. मग एकेक जोड सोडवून, आत चिकटवायचं सोल्युशन लावून, पुन्हा घट्ट बसवायचा. हे काम निम्म्यावर आलं असताना फोन वाजला. मी तो तसाच त्याच्यासमोर धरला.

"दादा, बघ! तुझ्यासाठी काय राजेशाही काम चाललंय!"

यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "वाकडं."

"वाकडं? तुझा फोन वाकडा आहे!" दीर हसता हसता डोळे पुसायला लागला. त्या दिवशी नर्सने वीस मिनिटं बोलू दिलं.

शनिवारी मी ती खोली एकटीच बघत उभी राहिले. कमोड बसला होता, समोरच्या भिंतीवर आधाराचे दांडे लागले होते. फक्त ही एक भिंत पोट फाडल्यासारखी उघडी होती. अठरा आठवड्यांनी माणूस घरी येणार, आणि येणार तो सिमेंटच्या धुळीत? मी फरशीवाल्याला फोन लावला.

तो आला, त्याने भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "तपासणी झाली का?"

"झाली," मी म्हणाले.

आयुष्यात मी फार कमी वेळा खोटं बोलले आहे. हे इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. दोन दिवसांत त्याने भिंत बंद करून फिक्या हिरव्या फरशा लावल्या. रविवारी दुपारी दिराचा फोन आला, येऊन पाइपांत पाणी भरून बघतो म्हणून. मी सांगितलं, "आठवडाभर राबलात, आज आराम करा."

सोमवारी तो आला आणि दारातच थांबला. पिशवी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

"वहिनी, हे काय?"

"छान दिसतंय ना?"

"दिसतंय. तेवढंच दिसतंय."

तेवढ्यात तपासनीस बाई आल्या. तिशीच्या असतील. त्यांनी फरशांवरून बोट फिरवलं. "या कधी लावल्या?"

"मी लावून घेतल्या," मी म्हणाले. "भाऊजींना काही माहीत नव्हतं."

"बाई, फरशा माझा विषयच नाही. उघड्या भिंतीवरसुद्धा मी वापराच्या परवानगीची सही दिली असती." त्यांनी वहीतून मान वर केली. "तुमच्या मिस्टरांचं काम मी पाहिलंय. त्यांची भिंत मला कधी दुसऱ्यांदा बघावी लागली नाही. चला, दाब तर देऊन बघू."

दिराने हातपंप जोडला. त्यावरच्या, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा सातवर आला. अर्धा तास तो तिथेच राहायला हवा होता. चौथ्या मिनिटाला तो साडेसहावर होता, दहाव्या मिनिटाला सहावर. फरशा कोरड्या ठक्क होत्या. आत कुठेतरी पाणी जात होतं आणि ते कुठे, हे आमच्यापैकी कुणीच सांगू शकत नव्हतं.

"उद्या गाडी येणार आहे हो," मी म्हणाले. शाळेतली मुलं एका मार्कासाठी ज्या आवाजात बोलतात, तसा माझा आवाज आला.

बाईंनी वही मिटली, पण लगेच गेल्या नाहीत. "सही दिली तर ते उद्या येतील. आणि महिन्याभरात तुमच्या जिन्याखालची भिंत भिजेल. भिंत उघडा. मी गुरुवारी अकराला येते."

म्हणजे आणखी एक मंगळवार.

छिन्नी आधी मी उचलली. दिराने ती माझ्या हातातून घेतली नाही, फक्त कुठे मारायची ते दाखवलं. सातव्या फरशीमागे तो गळका जोड सापडला, वळणावरचा एल्बो. त्यावर पेन्सिलीची खूण अगदी नीट होती, पण सोल्युशन नव्हतंच. दिराने तो दोन बोटांनी ओढला आणि तो सरळ हातात आला.

"दादाचा फोन आला तेव्हा मी इथेच होतो," तो म्हणाला आणि खाली बसला. "उघडी असती तर काल दुपारीच कळलं असतं. पाच मिनिटांचं काम."

"मीच येऊ दिलं नाही तुम्हाला."

"आणि मी जोड विसरलो. सोडा. दादाने दोघांनाही शिव्या घातल्या असत्या."

त्या संध्याकाळी मी यांना सगळं सांगितलं. फरशीवाल्याशी खोटं बोलले तेही. उद्या येता येणार नाही, हे सगळ्यात शेवटी. यांनी खिडकीकडे बघितलं. डावा हात चादरीवर काहीतरी शोधत राहिला. मग म्हणाले, "काटा."

मला वाटलं, पुन्हा शब्द चुकला. "पाय दुखतोय का? नर्सला बोलावू?"

"काटा," हे चिडून म्हणाले. "काटा. काटा!"

दीर माझ्या खांद्यावरून वाकला. "वहिनी, त्याला गेजचा काटा बघायचाय. हो ना रे दादा?"

यांनी डोळे मिटून मान डोलावली.

गुरुवारी अकराला नर्सने फोन यांच्यासमोर टेकवून ठेवला, आणि मी इकडचा फोन गेजसमोर धरला. तपासनीस बाईंनी आधी पडद्याला नमस्कार केला. दिराने दाब दिला. काटा सातवर आला. मला फोनच्या कोपऱ्यात यांचं कपाळ दिसत होतं, आणि ते जवळ जवळ येत होतं. पाच मिनिटं. बारा. माझा दंड भरून आला तेव्हा मी हात बदलला, पण फोन हलू दिला नाही. वीस.

"झाला अर्धा तास," बाई म्हणाल्या. "सात म्हणजे सात." त्यांनी उघड्या भिंतीवर एकदा बॅटरी फिरवली, सही केली आणि कागद माझ्या खांद्याला लटकलेल्या पर्समध्ये सरकवला, कारण माझे दोन्ही हात फोनला होते. "मंगळवारी येतील ना आता?"

"येतील."

त्या गेल्या. दीर वाकला. "दाब सोडू का?"

"थांब," फोनमधून आवाज आला.

दिराने हात मागे घेतला. तो भिंतीला टेकून बसला, मी स्टूल ओढलं. मंगळवारला पाच दिवस होते. पलीकडे कुणीतरी विचारलं, झालं का, फोन नेऊ का, आणि हे म्हणाले, नाही. मी फोन गेजच्या आणखी जवळ नेला, आणि जराही न हलणारा तो काटा आम्ही तिघं बघत राहिलो.