साओ पावलोची रंगीत तालीम

माझी मोठी बहीण मंजिरीताई ब्राझीलमध्ये, साओ पावलोत बाळंत होणार होती आणि आमची आई तर केव्हाच गेलेली. म्हणजे ताईचं माहेर आता इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि त्या माहेरचा सगळा कारभार सतीशच्या हातात. सतीश माझा नवरा. सॉफ्टवेअर टेस्टर. चाचणी घेतल्याशिवाय हा माणूस छत्रीसुद्धा उघडत नाही.

तिकीट काढलं, व्हिसा आला, तरी स्वारी म्हणाली, "आधी घरी एक ड्राय रन करू. उगाच रिस्क नको."

मग आमच्या हॉलमध्ये विमानतळ उभा राहिला. सोफा म्हणजे विमान, इस्त्रीचं टेबल म्हणजे कस्टम्स आणि त्यामागे ऑफिसर म्हणून शेजारचा जयंत, सतीशच्याच टीममधला. ताईसाठी मी डिंकाचे लाडू केले होते. जयंतनं ते जप्त केले आणि उभ्या उभ्या खाल्ले. "टेस्ट फेल," सतीशनं जाहीर केलं आणि एअरलाइनला फोन करून माझी तारीख पुढे ढकलली.

मी पुन्हा लाडू वळले. पुन्हा जप्ती. एकदा तर पोर्तुगीज कच्चं म्हणून मला परत पाठवलं. कुठे? स्वयंपाकघरात! तारीख आणखी पुढे. तिकडून ताई फोनवर विचारायची, "श्यामे, येतेयस ना गं?" आता तिला काय सांगू, की जयंत मला देशात घेत नाही?

"लाडू राहायचे नाहीत रे अशानं," मी एकदा कडाडलेच.

"गुड पॉइंट! टेस्टला डमी डेटा वापरू," सतीश म्हणाला. त्याला उलट आनंदच झाला. लाडवांच्या डब्यात त्यानं फॉइलमध्ये गुंडाळलेले बटाटे भरले. झबली-टोपडी निघाली आणि बॅगेत वर्तमानपत्रांच्या घड्या गेल्या.

पुढची चाचणी खऱ्याखुऱ्या हीथ्रो विमानतळावर होती. त्याच सकाळी ताईच्या नवऱ्याचा फोन आला. दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या होत्या.

"अरे बापरे," सतीश म्हणाला, "मग आजची टेस्ट पटापट उरकू."

माझं टाळकंच सटकलं, पण टेस्टची बॅग आणि पासपोर्ट घेऊन टॅक्सीत बसले. हीथ्रोवर तो घड्याळ लावून ट्रॉल्यांची रांग तपासत उभा राहिला. मी काउंटरवरच्या बाईला विचारलं, बहीण अडलीय, आजच्या विमानात जागा आहे का? होती.

"सतीश, मी जाते रे," मी त्याला सांगितलं.

"हो हो, जाऊन ये," तो घड्याळावरून नजर न काढता म्हणाला.

साओ पावलोच्या खऱ्या कस्टम्सनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बॅग घेऊन मी थेट हॉस्पिटल गाठलं. ताई पांढरीफटक पडली होती, कुशीत एवढीशी मुलगी. मला बघून तिनं आधी हात पुढे केला. "लाडू?"

मी डबा उघडला आणि मला ब्रह्मांड आठवलं.

ताईनं एकेक फॉइल सोडवलं. बटाटा. आणखी एक बटाटा. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इतका उशीर करून आले, तेही बटाटे घेऊन! पण ताई हसत सुटली. टाके दुखतात म्हणून पोट धरून हसली. "दे, मस्त भाजी कर. खूप दिवसांत खाल्ली नाही."

"बटाटा? डोकं ठिकाणावर आहे का? वातूळ असतो तो! बाळंतिणीनं तोंडात घालायचा नाही, पोरीचं पोट दुखेल!"

हे माझ्याच तोंडून निघालं, पण आवाज आईचा होता. मी दचकले. ताईचं हसू थांबलं आणि डोळे घळाघळा वाहू लागले.

"ओरड ना अजून," ती म्हणाली. "इथे कोणी ओरडतच नाही गं मला."