बोटांतल्या मुंग्या

मित्रांनो, मी एक जुनी वीजपेटी आहे. शिकलेले लोक मला पॉवर सप्लाय म्हणतात. म्हणोत बापडे. विटेपेक्षा थोडी लांब, पत्र्याच्या अंगाची, नाकाशी एवढासा पंखा. पण रूपावर जाऊ नका. भिंतीतली तापट वीज पोटात घ्यायची आणि तिला बारा व्होल्टची शहाणी करून बाहेर पाठवायची, हे माझे काम. ते मी नऊ वर्षे एका दिवसाचाही खाडा न करता केले.

तेव्हा मी एका मोठ्या कचेरीत, संगणकांच्या खोलीत होते. सतत गारठा, खिडकी नाही, माणूस नाही. एका यंत्राला आम्ही दोघी, जावा-जावांसारख्या शेजारीशेजारी. निम्मा भार तिचा, निम्मा माझा. एक पडली तर दुसरीने अख्खे घर ओढायचे, असा तिथला नियम. आमच्यातली कोणीच पडली नाही, म्हणून आमचे नाव कोणी घेतले नाही. चालत्या वस्तूचे कौतुक कोणाला? मग नवी यंत्रे आली. आमच्या कामात खोट नव्हती, फक्त वय झाले होते. दोघींनाही भंगारात टाकले.

तिथून आम्हाला गाड्यांमध्ये गाण्यांची यंत्रे बसवणाऱ्या एका फिटरने उचलले. त्याच्या वडिलांनी तीस वर्षे टॅक्सी चालवली होती. पाय निकामी झाले, टॅक्सी विकावी लागली, आणि म्हाताऱ्याने खाट धरली. मग बोलणेही सोडले. टॅक्सी देताना फिटरने तिच्यातला ॲम्प्लिफायर आणि स्पीकर तेवढे काढून ठेवले होते. ते बारा व्होल्टवर चालतात, म्हणून त्याला मी हवी होते.

"बाजारात रेडिओ मिळत नाहीत का? भंगार कशाला आणलंस घरात?" फिटरची आई म्हणाली.

"आई, बाबांना त्यांच्या गाडीतलाच आवाज ऐकवायचाय."

त्याने माझ्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या. त्याशिवाय मी डोळा उघडत नाही. डोळा उघडला तसा माझा पंखा किंचाळला.

"अरे, घरात विमान उतरवतोस की काय!" आई ओरडली.

फिटरने मोठा, संथ पंखा बसवला. जावेला कपाटावर राखीव ठेवले, मला खाटेच्या डाव्या अंगाला. गाणे सुरू झाले. म्हाताऱ्याने मान वळवली. "वाढव जरा," तो म्हणाला. पाच महिन्यांत त्याने पहिल्यांदाच काही मागितले होते. आई पदर तोंडाला लावून आत गेली.

तेव्हापासून गाणे लागले की म्हाताऱ्याचा हात माझ्या पत्र्यावर येई. टॅक्सीच्या गिअरवर ठेवावा, तसा. नऊ वर्षांत मला कोणी असा हात लावला नव्हता.

पण गाण्याच्या मागे बारीक गुणगुण होती. "कोणीतरी कण्हतंय रे मागं," म्हातारा म्हणे. फिटरला बाजारात कोणीतरी अक्कल शिकवली आणि त्याने माझ्या प्लगची तिसरी पिन उपटून टाकली. गुणगुण थांबली. फिटरची छाती फुगली.

मित्रांनो, ती तिसरी पिन म्हणजे अर्थिंग. माझ्या पत्र्यावर चुकून उतरलेली वीज जमिनीत नेऊन सोडणारी वाट. वाट बंद झाली आणि माझ्या पत्र्यावर थोडी थोडी वीज साचून राहू लागली. म्हाताऱ्याच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मला तोंड नाही, त्या मुंग्या हीच माझी हाक होती. पोटातले एक जुने आवरण फाटत चालले होते. ते पूर्ण फाटले असते, तर त्या हाताखाली भिंतीतली सगळी वीज उभी राहिली असती.

"हाताला मुंग्या येतात रे."

"बाबा, वय झालं. येणारच मुंग्या."

असे तीनदा झाले. चौथ्यांदा म्हातारा बोललाच नाही. हात मात्र त्याने काढला नाही.

एके सकाळी आई फरशी पुसताना ओल्या हाताने माझा पत्रा पुसायला गेली आणि हात झटकून उभी राहिली.

"इकडे ये रे शहाण्या. लाव हात."

फिटरने लावला, आणि झटक्यात मागे घेतला.

"काय झालं? तुझंही वय झालं का? बाप महिनाभर सांगतोय, त्याचं खोटं, आणि बाजारातल्या टवाळाचं खरं?"

 फिटरने मला बंद केले, नवी तीन पिनांची वायर आणली. गाणी लावायचे यंत्र दुसऱ्या भिंतीच्या बोर्डावर होते, ते माझ्याच बोर्डावर घेतले. गुणगुण दोन बोर्डांच्या दोन अर्थिंगांमुळे होती, ती तेवढ्यानेच गेली.

तीन आठवड्यांनी भर दुपारी ते आवरण फाटले. म्हाताऱ्याचा हात माझ्यावर होता. वीज पत्र्यावर आली आणि तिसऱ्या पिनेच्या वाटेने जमिनीत गेली. मेन स्विच खटकन पडला, गाणे थांबले.

"लाइट गेली का गं?" म्हाताऱ्याने विचारले. एवढेच.

आता खाटेशी माझी जाऊ आहे, तीन पिनांसह. मी कपाटावर, कायमची गप्प. तक्रार नाही. अख्खे घर ओढायची पाळी तिची आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूला पुन्हा कामाला लावा, आम्ही नाही म्हणणार नाही. पण तिची जमिनीची वाट तोडू नका. आणि खाटेवरून कोणी म्हणाले, हाताला मुंग्या येतात, तर त्याचे वय काढण्याआधी तो हात जिथे असतो, तिथे आपला ठेवून बघा.