आत्याबाईंचं शेवटचं ओझं

उस्तादांच्या पत्राला आज तरी उत्तर जाईल, असं मनाशी म्हणतच त्याने आत्याबाईंची किल्ली फिरवली. गोदामातली माल उचलणारी ती डिझेलची जुनी फोर्कलिफ्ट दोनदा खोकली आणि धडधडू लागली. पुढचं ओझं तोलायला मागचा भाग भरभक्कम, आणि अखंड कुरकुर. म्हणून ती चालवायला शिकवणाऱ्या उस्तादांनीच तिला हे नाव पाडलं होतं.

निवृत्त होऊन लेकीकडे गेल्यावर उस्तादांनी पत्रात एवढंच विचारलं होतं, ‘आत्याबाई चालतात ना रे अजून?’ नेमकं तेव्हाच गोदामात मापं घेणं सुरू झालं होतं. रॅक उंच होणार, गल्ल्या अरुंद होणार; तिथे आत्याबाईंना वळायला जागाच उरणार नव्हती. खोटं लिहायला हात धजेना, खरं लिहवेना. पत्र तसंच कपाटात राहिलं.

आणि आज नव्या मशिनी घेऊन ट्रक दारात उभा होता.

“काका, जपून हं!” सुपरवायझर बाई हसत ओरडल्या. “आत्याबाईंच्या सवती आल्यात.”

“सवती कसल्या, सुना म्हणा. सासूनेच उतरवून घ्यायच्या.”

सुना होत्याही तशाच. बॅटरीवर चालणाऱ्या, आवाज न करणाऱ्या, सडपातळ. चालवणाऱ्याने बाजूला तोंड करून आडवं बसायचं आणि छतापर्यंत माल लावायचा. पण आवारातल्या खडीत त्यांची इवलीशी चाकं रुतली असती. तिथे आत्याबाईच हव्या होत्या.

त्याने पहिली मशीन उचलली. तिच्या उंचीमुळे समोरचं काही दिसेना. त्याने मान मागे वळवली आणि गाडी उलटी घेतली. समोर दिसेनासं झालं की उलटं जायचं, हे उस्तादांनी अंगात मुरवलं होतं. शिकवताना ते स्वतःचा जेवणाचा डबा मागे जमिनीवर ठेवायचे.

“चेपलास, तर दोघंही उपाशी!”

एकदा डबा चेपलाच. तो रडवेला झाला. उस्तादांनी हसत हसत झाकण उचकटलं आणि आतलं अर्धं जेवण त्याच्यापुढे सरकवलं.

शेवटची मशीन आत पोचली. त्याने आत्याबाईंना भिंतीशी लावलं, काटे अलगद जमिनीला टेकवले. किल्ली दिली तेव्हा बाईंनी विचारलं, “काका, वाईट वाटतंय?”

“मान दुखतेय,” तो म्हणाला.

घरी जाऊन त्याने एका दमात लिहिलं:

‘उस्ताद, आत्याबाई आजपर्यंत चालल्या. सुनांना त्यांनीच घरात घेतलं. मी गाडी उलटी नेली, मागे तुमचा डबा आहे असं समजून. चेपला नाही.’

कोपऱ्यावरच्या पेटीत त्याने पत्र सोडलं. ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकला. मग मागे सरकण्याआधी, सवयीने, त्याने मान वळवून पाहिलं.