आबांच्या नावावरची वेबसाइट

मित्रांनो, आपली कहाणी सांगायला नेहमी फाटकी छत्री पुढे येते, नाहीतर बंद पडलेलं घड्याळ. माझ्यासारखीला कोणी विचारत नाही. मला गंज चढत नाही, माझा टवका उडत नाही, मग मी म्हातारी झाले हे कळणार तरी कसं? पण झाले आहे. मी एक वेबसाइट आहे आणि 'नदीकाठचा ओटा' हे माझं नाव.

माझा जन्म वडगाव रासाईत, हौसराव आबांच्या घरी झाला. आबांची सून प्रतिभा शिरूरला कॉम्प्युटर शिकली होती. दुपारची कामं उरकली की ती लॅपटॉप उघडून बसे. भीमेच्या अलीकडे आमचा शिरूर तालुका, पलीकडे दौंड. दोन्ही काठांवरच्या माणसांना एकमेकांशी बोलायला एक जागा हवी, असं तिच्या मनात आलं आणि तिनं मला घडवलं. शेवटी मालकाचं नाव भरायची वेळ आली. प्रतिभा क्षणभरही थांबली नाही. घरातला ट्रॅक्टर आबांच्या नावावर, विजेचा मीटर आबांच्या नावावर, मग मी तरी वेगळी कशी? तिनं आबांचं नाव टाकलं.

"आबा, वेबसाइट तुमच्या नावावर घेतली बरं का," ती म्हणाली.

"घे की. पर तिला वैरण काय घालायची?" आबांनी विचारलं आणि सगळं घर हसलं.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे होते. लाइट दिवसा येणार की रात्री, गाढव कोणाचं हरवलं, बिबट्या कोणाच्या उसात दिसला, सगळं माझ्यावर लिहिलं जाई. एकदा बिबट्याची खबर माझ्यावर वाचून ऊसतोडीच्या लोकांनी लेकरांसकट आपल्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, हलवल्या. त्याच जागेवर सकाळी पंजाचे ठसे उमटलेले होते. त्या दिवशी माझं जे कौतुक झालं, ते आठवलं की आजही ऊर भरून येतो. आता तुम्ही म्हणाल, वेबसाइटला कसला ऊर? असू दे.

प्रतिभाचा एक नियम होता. कोणी काही लिहिलं की आधी ती वाचायची, त्यातली शिवी काढायची, भाषा नीट करायची आणि मगच ते सगळ्यांना दिसायचं. "वर आबांचं नाव आहे. त्याखाली शिवी नको," असं ती म्हणे. मला ते आवडायचं. रोज सकाळी कोणी तोंड धुऊन द्यावं, केस विंचरावेत, तसं वाटायचं.

मग एके दिवशी म्हाळसाचा मजकूर आला. सणसवाडीकडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, एका कंपनीच्या भिंतीला लागून तिची थोडी जमीन आहे. घरचे सगळे पूर्वी मेंढरं राखायचे, आता शेती करतात. तिनं मात्र थोडी मेंढरं ठेवली होती. आपलं नाव दाखवू नका असं सांगून तिनं लिहिलं, "कंपनीनं वड्याला घाण सोडली. आमची इहीर नासली. पाणी दिसाया नितळ हाय, पर त्ये पिऊन माजी मेंढरं मेली." पुढे तिनं कंपनीवाल्यांना एक सणसणीत शिवी दिली होती. प्रतिभाचे डोळे भरून आले. तिनं भाषा नीट केली. शिवी खोडली आणि तिच्या जागी एक सभ्य शब्द घातला, 'गुन्हेगार'.

तो मजकूर हातोहात पसरला. पाठोपाठ कंपनीची बदनामीची नोटीस आली. अर्थात आबांच्या नावावर.

शिरूरच्या वकीलबाईंनी मला त्यांच्या टेबलावर उघडलं, तेव्हा समोर आबा आणि प्रतिभा बसले होते.

"म्या तर हिला कवा हात बी लावला न्हाई," आबा म्हणाले.

"तरी मालक तुम्हीच आहात, आबा. लोकांनी लिहिलेल्याबद्दल मालकाला लगेच धरत नाहीत, कायद्यात तशी सूट आहे. पण त्यासाठी मजकुराला आपला हात लागलेला नसावा." त्या प्रतिभाकडे वळल्या. "त्या बाईची शिवी तशीच ठेवली असती तर एवढं बिघडलं नसतं. 'गुन्हेगार' हा शब्द तुमचा आहे."

"मी साफ केलं, तेच चुकलं?" प्रतिभानं विचारलं.

कंपनीनं दोन वाटा ठेवल्या होत्या. लिहिणारीचं नाव सांगा, नाहीतर माफी मागा. लढायचं म्हटलं तर आबांना या वयात तारखांना उभं राहावं लागणार होतं, आणि 'गुन्हेगार' शब्दामुळे जिंकायची आशा नव्हती.

म्हाळसाच्या कानावर हे गेलं आणि ती वडगावला आली. "आबा, माजं नाव सांगून टाका. माजं काय घेत्याल त्ये?"

"तुजं रान त्यांच्या भिताडाला लागून हाय, बाई. काय घेत्याल म्हंजी?" आबा म्हणाले. "तुजं नाव माज्या तोंडातनं निघायचं न्हाई."

"मग तुमी खोटं लिवून देणार? आवं, पाणी खरंच नासलंय. ऱ्हायलेली मेंढरं अजून त्याला त्वांड लावत न्हाईत."

"ठावं हाय मला," आबा म्हणाले. पंचक्रोशीत ज्यांचा शब्द कोणी परत विचारत नसे, त्या आबांनी कंपनीनं लिहून आणलेल्या माफीनाम्यावर सही केली.

आता माझ्यावर तेवढंच आहे. बिबट्याच्या खबरा गेल्या, लाइटच्या वेळा गेल्या. प्रत्येक ओळ जोखमीची म्हणून प्रतिभानं सगळं काढून टाकलं. उरलंय ते असं: 'सदर मजकूर असत्य आहे. परिसरातील विहिरीचे पाणी पिण्यास योग्य आहे.' खाली आबांचं नाव. हा माफीनामा काही वर्षं दिसत राहिला पाहिजे, अशी अट आहे. त्यामुळे मला बंदही करता येत नाही. बाकीच्या जुन्या वस्तू विसरल्या जातात म्हणून रडतात. माझ्या नोंदणीची मुदत संपत आली की प्रतिभा न चुकता ती वाढवते, आणि माझ्याकडे न बघता लॅपटॉप मिटते. आबा हल्ली बाहेर फारसे बसत नाहीत.

मित्रांनो, तुम्ही माझी काळजी घ्या, असं मी मागणार नाही. माझी फार काळजी घेतली गेली आहे. आज दुपारी सणसवाडीच्या त्या पट्ट्यात भाड्याच्या खोलीत नव्यानं राहायला आलेल्या स्वप्नालीनं मला उघडलं. टँकर आला नव्हता. इथल्या विहिरीचं पाणी चालेल का, असं तिनं फोनला विचारलं आणि फोननं तिला माझ्याकडे पाठवलं.

"अहो, चालतंय म्हणे," ती नवऱ्याला म्हणाली. "कोणी हौसराव म्हणून आहेत, त्यांनी नावानिशी लिहून दिलंय."

तिनं फोन ठेवला आणि हंडा उचलला. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला असेल, तर धावत जा आणि तिला थांबवा. मला तिला हाक मारता येत नाही.